मोटारी नसलेली वाट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, वय 61 आणि 57. रोज तासभर सायकल चालवतो, पण मागून मोटारीचा आवाज आला की हिचे हात थरथरतात. फ्रान्समध्ये नुसत्या सायकलींसाठी लांबलचक वाटा आहेत असं ऐकलं. आठवडा हाताशी आहे. ‘कनाल द्यु मिदी’च्या काठाने समुद्रापर्यंत जावं असं मनात आहे. चढ फारसे झेपत नाहीत. जमेल का?

उत्तर: त्या कालव्याचे पहिले 50 किलोमीटर जरूर जमतील. पुढच्याचा हट्ट धरू नका. त्याऐवजी, हा कालवा जिथून निघतो त्या तुलूज शहरात मागे फिरून त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे गारॉन कालव्याच्या काठाने जा. हे मी माझ्या गुडघ्यांच्या अनुभवावरून सांगते आहे.

कनाल द्यु मिदीचं नाव मोठं आहे, आणि ते खोटं नाही. पिएर-पॉल रिके या गृहस्थाने 1666 मध्ये काम सुरू केलं, 1681 मध्ये 240 किलोमीटरचा कालवा खुला झाला. रिके मात्र काही महिने आधीच वारले होते. तुलूजपासून पोर लॉरागेपर्यंत डांबरी वाट आहे, बाळाची गाडी ढकलता येईल इतकी गुळगुळीत. नॉरूझचा माथा, म्हणजे कालव्याची सर्वांत उंच जागा, ओलांडला की मात्र रंग बदलतो. 2019 मध्ये मी आणि माझ्या जाऊबाई मोठ्या तोऱ्यात पुढे गेलो, तर वाट हातभर रुंद, मातीची, आणि तीत झाडांची मुळं गुडघ्यांच्या वाट्यांसारखी वर आलेली. एका बाजूला पाणी. सावली देणारी प्लेनची झाडं, आपल्या चिनारच्याच जातकुळीतली, तीही बऱ्याच ठिकाणी गेलेली: 2006 मध्ये त्यांच्यात बुरशीचा रोग सापडला आणि हजारोंनी तोडावी लागली. दोन दिवसांत मनगटं सुजली. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अहो, मी सुटीवर आले आहे, तपश्चर्येला नाही.’’ आम्ही रेल्वेने तुलूजला परतलो आणि उलट्या दिशेला निघालो. तो निर्णय त्यांचा, श्रेय त्यांनाच.

गारॉनचा कालवा 1856 मध्ये पुरा झाला. लांबी 193 किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात तो उतरतो सव्वाशे मीटरच्या आसपास. कालव्याचं पाणी सपाटच राहायला हवं, म्हणून हा सगळा उतार 53 लॉकमध्ये, म्हणजे बोटींना खाली-वर करणाऱ्या दारांच्या कुंडांमध्ये, वाटून टाकलेला आहे. तुम्हाला चढ किंवा उतार लागणार तो फक्त लॉकपाशी, तोही घरासमोरच्या ओट्याएवढा. तुलूजकडून निघालात तर प्रत्येक लॉकला उतारच मिळतो! वाट डांबरी आहे. मुळांनी तेही मधूनमधून उचललंय, पण बसायच्या जागेला कळण्याइतकंच.

तुलूजच्या मातबियो स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच पाणी दिसतं. तिथून आमच्यासारख्यांनी असे दिवस पाडावेत: पहिल्या दोन दिवसांत म्वासाक, 64 किलोमीटर. हा भाग, खरं सांगायचं तर, कंटाळवाणा आहे. एका बाजूला रुळ, एका बाजूला पाणी, सरळसोट. म्वासाकला मात्र एक दिवस थांबा. मठाचं चौफेर ओवऱ्यांचं अंगण इसवी सन 1100 चं आहे, खांबांच्या माथ्यावर 76 शीर्षं, आणि प्रत्येकावरचं कोरीवकाम वेगळं. सप्टेंबरात गेलात तर तिथली शास्ला द्राक्षं घ्या, सोनेरी, पातळ सालीची. मग दोन दिवसांत आजाँ. वाटेत गोल्फेशच्या अणुवीज केंद्राचे दोन अजस्र मनोरे दिसतात. ते किती तरी वेळ जवळही येत नाहीत आणि मागेही पडत नाहीत. जाहिरातीतल्या फोटोत हे नसतं, म्हणून सांगून ठेवते.

आजाँला कालवा गारॉन नदीवरून जातो, पुलावरून, 539 मीटर, 23 कमानी. खाली नदी वाहते आहे, आपल्या शेजारी पाणी स्थिर आहे आणि त्यातून माणूस बोट हाकतो आहे, असं दृश्य. मी सायकल हातात धरून चालले, कारण कठड्याजवळ मला भोवळ येते. जाऊबाईंनी दोनदा सायकलने फेरी मारली.

पुढे ब्युझे, मग ल मास दाजने. एवढ्याशा गावच्या चर्चचं रेम्ब्राँचं 1631 चं चित्र आहे, क्रुसावरच्या ख्रिस्ताचं. आम्ही सोमवारी पोचलो. सोमवारी खेड्यातली बुलाँजरी, म्हणजे पावाचं दुकान, बहुधा बंद. इतर दुकानं दुपारी बारा ते दोन बंद. आजाँचे सुके प्लम प्रसिद्ध आहेत, त्यांचं पाकीट होतं, त्यावर दुपार काढली. पुढचं सांगत नाही.

या वाटेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बोर्डो-तुलूज रेल्वे कालव्याला धरूनच आहे. म्वासाक, व्हालाँस दाजाँ, आजाँ, मार्मांद अशी स्टेशनं आहेत. पाय चालेनासे झाले की प्रादेशिक गाडी पकडायची. सायकल बहुतेक फुकट जाते. काही प्रांतांत उन्हाळ्यात तिची जागा आधी राखावी लागते.

आणि एक गोष्ट जाण्याआधी पाठ करा, तुमच्या बायकोच्या थरथरणाऱ्या हातांसाठी. ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट. पाटी निळी, चौकोनी. तीत चालणारा आणि सायकलवाला. ‘व्हेलोरूत’ म्हणजे खुणा केलेला सायकलमार्ग, त्यात साध्या गावरस्त्यांचे तुकडे असू शकतात. माहितीपत्रकांत दोन्ही शब्द एकाच ओळीत येतात आणि आपण फसतो. प्रसिद्ध ल्वार नदीचा मार्ग सुमारे 900 किलोमीटरचा आहे आणि फार सुंदर आहे, पण तो व्हेलोरूत आहे. रहदारी कमी असली तरी गाडी येते. आधी गारॉन, मग धीर आला की ल्वार.

प्रश्न: व्वा व्हेर्तवर विजेची सायकल चालते का? हेल्मेट सक्तीचं आहे का?

उत्तर: पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबवणारी सायकल चालते, कायदा तिला सायकलच मानतो. हेल्मेट 12 वर्षांखालच्या मुलांना 2017 पासून सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही. तुम्ही घालाच. घंटी हवी. कानात गाणी लावून चालवली तर दंड आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट घालावं लागतं.

पण कायद्यापेक्षा ब्रेककडे बघा. तिकडच्या सायकलींना साधारणपणे डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, आपल्या सवयीच्या उलट. एका भाड्याच्या दुकानातून सायकल घेतली तेव्हा हे कोणी सांगितलं नाही. पहिल्याच लॉकच्या उतारावर कुत्रं आडवं आलं आणि जाऊबाईंनी सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक वर गेलं. पडल्या नाहीत, पण कुत्र्याच्या मालकाला त्यांनी जे सुनावलं ते मराठीतच असल्यामुळे दोघांचंही भलं झालं. दुकानातून निघण्याआधी आवारात दहा फेऱ्या मारा, दोन्ही ब्रेक सावकाश दाबून पाहा.

प्रश्न: वाटेत पिण्याचं पाणी आणि मुक्काम?

उत्तर: पाण्यासाठी गावची दफनभूमी शोधा. हसू नका. फुलांना घालायला तिथे फाटकाशी नळ असतो. ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर प्या, मध्ये ‘नों’ असेल तर हातपाय धुवा. मुक्कामाला ‘आकेय व्हेलो’ची, म्हणजे ‘सायकलवाल्यांचं स्वागत’ अशी, हिरवी खूण बघा: ती जागा मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असते आणि सायकलीला कुलूपबंद जागा मिळते. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टमध्ये गर्दीही असते आणि उकाडाही.

प्रश्न: कालवे नकोत, पाण्याची भीती वाटते. दुसरं काही?

उत्तर: मग बंद पडलेले जुने रेल्वेमार्ग, ज्यांच्या आता सायकलवाटा झाल्या आहेत. आगगाडीला चढ सोसत नव्हते, त्यामुळे इंजिनिअरांनी आपलं काम आधीच करून ठेवलं आहे. बुर्गोन्य प्रांतात जिव्री ते क्लुनी ही फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त, 1997 ची, साधारण 44 किलोमीटर, द्राक्षमळे आणि पांढऱ्या गाईंच्या कुरणांमधून. जुनी स्टेशनं वाटेत लागतात, फलाटावर बसून डबा खाता येतो. क्लुनीचा मठ 910 चा. रोमचं सेंट पीटर बांधेपर्यंत तिथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. आता त्यातला थोडाच भाग उभा आहे.

क्लुनीच्या पुढे माकाँकडे जाताना ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, 1.6 किलोमीटर. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा डोंगरावरून वळसा. उन्हाळ्यात आत दिवे असतात, पण भर जूनमध्येही दात वाजतात. स्वेटर पिशवीच्या तळाशी ठेवू नका.