टॅम घेऊ की यूटॉट? (उत्तर लांब झालंय, चहा घेऊन बस)

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय गोव्यातल्या कॉलेज विद्यार्थ्यांनी ई-लर्निंग कितपत स्वीकारलंय, गाईड म्हणतात टॅम मॉडेल (टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल, लोक नवीन तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणारं) घे, गूगल फॉर्म काढ, चारशे जणांकडून भरून घे, स्मार्टपीएलएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर टाक आणि मोकळी हो, पण मैत्रीण म्हणते टॅम जुनं झालं, यूटॉट (त्याच प्रश्नावरचं नंतरचं मॉडेल) घे. आणि वर ३८४ चं सॅम्पल पुरेल का. मी वयाने बराच मोठा, कॉमर्सला बरीच वर्षं शिकवलंय, असल्या डिझर्टेशनच्या व्हायव्हाला समोरही बसलोय, म्हणून सरळ अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

मॉडेल कुठलं घ्यायचं ही तुझी अडचण नाहीच मुळी. तू ज्याला 'स्वीकार' म्हणतेस तो तुझ्या विद्यार्थ्यांच्या हातात होता कधी? कॉलेजने ठरवलं असाइनमेंट पोर्टलवरच घेणार, हजेरी ॲपवर, इंटरनलचे मार्क तिथेच दिसणार. आता त्या पोराला 'येत्या सहा महिन्यांत ही सिस्टम वापरण्याचा आपला मानस आहे का, १ ते ५ मध्ये सांगा' असं विचारायचं म्हणजे अक्षता पडल्यावर मुलगी पसंत आहे का विचारण्यासारखं झालं. सगळे ४ नाहीतर ५ टाकणार, क्रॉनबॅक अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) झकास येणार, हायपोथिसिस सगळे सपोर्टेड, आणि आपल्याला नवीन कळलं काय तर काहीच नाही. असे थिसिस मी इतके बघितलेत की ॲबस्ट्रॅक्ट वाचूनच शेवटच्या चॅप्टरमध्ये काय असणार ते सांगता येतं.

आता टॅमबद्दल, कारण तू ते फक्त आकृतीवरून ओळखतेस असं वाटलं (दोन चौकोन डावीकडे, बाण उजवीकडे). फ्रेड डेव्हिसचा मूळ पेपर १९८९ चा, एमआयएस क्वार्टर्ली या जर्नलातला. तो मुळात मोजपट्टी बनवण्याचा पेपर आहे, उपयोगी वाटणं आणि सोपं वाटणं या दोन गोष्टींसाठी सहा-सहा प्रश्न. पहिली चाचणी आयबीएमच्या टोरांटोच्या लॅबमधल्या ११२ लोकांवर, ईमेल आणि फाईल एडिटर यांच्यावर, दुसरी बॉस्टनच्या ४० एमबीए विद्यार्थ्यांवर, ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरवर. निघालं काय तर वापराशी उपयोगीपणाचं नातं सोपेपणापेक्षा बरंच घट्ट आहे, म्हणजे काम होत असेल तर माणूस अवघड सॉफ्टवेअरही सहन करतो आणि काम होत नसेल तर सोपं असून कोणी हात लावत नाही. त्याच वर्षी डेव्हिस, बॅगोझी आणि वॉर्शॉ यांचा मॅनेजमेंट सायन्स या जर्नलातला पेपर आला, १०७ एमबीए विद्यार्थी आणि एक वर्ड प्रोसेसर. आधी तासाभराची ओळख करून देऊन विचारलं आणि १४ आठवड्यांनी परत विचारलं. वापरायचं की नाही हे त्या पोरांच्या मर्जीवर होतं, आणि म्हणून मानस विचारण्याला तिथे अर्थ होता. तुझ्या विद्यार्थ्यांना मर्जी कुठे आहे?

यूटॉट २००३ चं. वेंकटेश, मॉरिस आणि दोन डेव्हिस यांनी आधीची आठ मॉडेलं एकत्र घोटून चार घटक काढले, कामाला किती फायदा होईल, किती कष्ट पडतील, आजूबाजूचे काय म्हणतात, आणि सोयी-मदत आहे का. वर वय, लिंग, अनुभव आणि सक्ती आहे की नाही यांनी हे सगळं कमीजास्त होतं. लोक फक्त एवढंच उचलतात की वापरायच्या मानसात माणसागणिक जो फरक पडतो त्यातला ७० टक्क्यांपर्यंत भाग हे मॉडेल समजावून देतं. पण त्यांनी अभ्यास कसा केला ते कोणी वाचत नाही. ट्रेनिंग झाल्याझाल्या, मग एक महिन्याने, मग तीन महिन्यांनी असं परत परत विचारलं, वापराचा आकडा सिस्टमच्या लॉगमधून (मशीनने आपोआप ठेवलेल्या नोंदींतून) घेतला, आणि काही ठिकाणी वापर ऐच्छिक होता तर काही ठिकाणी सक्तीचा, मुद्दाम. आजूबाजूच्यांच्या म्हणण्याचा जोर सक्तीच्या ठिकाणी दिसला आणि तोही सुरुवातीला, अनुभव वाढला तसा ओसरला. आपल्याकडे एका दुपारी व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकून यूटॉट केलं म्हणतात, त्याला काय म्हणावं.

म्हणून मैत्रिणीला सांग, जुनं-नवं हा मुद्दाच नाही. टॅमवर खरी टीका वेगळी आहे. २००७ मध्ये बेनबसाट आणि बार्की यांनी लिहिलं की या मॉडेलच्या नादाने संशोधक 'उपयोगी वाटतं' इथेच थांबले, उपयोगी कशाने होतं ते बघायचं राहून गेलं. हे मला शंभर टक्के पटतं. 'उपयोगी वाटतं म्हणून वापरतात' हे सांगायला पीएचडी कशाला हवी, म्हापशाच्या बाजारातली मासळीवाली सांगेल.

दुसरी गोष्ट, तू वापर मोजणार कसा? 'आठवड्यातून किती वेळ वापरता' असं विचारून? १९९५ चा स्ट्रॉब, लिमायेम आणि काराहाना यांचा पेपर काढून वाच. व्हॉइसमेलचा वापर त्यांनी दोन्ही पद्धतीने बघितला, लोकांना विचारून आणि मशीनच्या नोंदीतून, आणि दोन्हींचं एकमेकांशी फारसं जुळलं नाही. टॅमचे घटक सांगितलेल्या वापराशी छान जुळले, नोंदवलेल्या वापराशी नाही. म्हणजे एकाच फॉर्मवर एकाच मूडमध्ये दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच आपण बऱ्याचदा सिद्ध करत असतो. तुझ्या कॉलेजात मूडल (ऑनलाईन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर क्लिकन् क्लिक लॉगमध्ये पडून आहे. आणि आपल्याकडे तर दिष्टावो आहे, कोविडच्या काळात उच्च शिक्षण खात्याने उभं केलेलं, आपल्याच कॉलेजांतल्या शिक्षकांची सिलॅबसप्रमाणे युनिटवार लेक्चर्स, यूट्यूबवर कोणालाही बघता येतात. ती बघायची सक्ती नाही ना! ऐच्छिक वापर पाहिजे असेल तर हे घे की. कुठल्या विषयाची बघितली जातात, सेमिस्टरभर की परीक्षेच्या तोंडावरच, पूर्ण की पहिली दोन मिनिटं. एवढ्या एका गोष्टीवर चांगला चॅप्टर होतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्या भागात 'एक माणूस, एक मशीन, एक वापर' असं चित्र नसतंच. वाळपईला नाहीतर डिचोलीला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ॲडमिशनच्या दिवसांत जाऊन तासभर उभी राहा. फॉर्म कोण भरतंय? दुकानदार. पासवर्ड कोणाला माहीत? दुकानदाराला. ओटीपी येतो बापाच्या मोबाईलवर, बाप कामावर, मुलगी फोन करून आकडे विचारते. आता यात यूजर कोण गं? तुझा फॉर्म त्या मुलीकडे जाणार आणि ती लिहिणार 'सिस्टम वापरायला सोपी आहे – ५', कारण तिला काही करावंच लागलं नाही. यावर काम झालेलं आहे, संबासिवन, कट्रेल, टोयामा आणि नार्डी यांचा २०१० चा पेपर, बंगळूरच्या गरीब वस्त्यांमधला, दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या वापरावर. गोव्यात असं कोणी नीट मांडलेलं माझ्या तरी वाचनात नाही, आणि मटेरियल तुझ्या दाराशी पडलंय.

शिक्षकांचंही तेच. हायस्कूलमधला माझा एक विद्यार्थी सांगत होता, आधी हजेरी कागदी मस्टरवर, मग ॲपवर, आणि यूडायसची (सरकारी पोर्टलवरची शाळेची) माहिती भरायची वेळ आली की रात्री जागून, कारण दिवसा साईट उघडतच नाही. सरकारी नजरेने बघितलं तर शंभर टक्के वापर. शिक्षकाच्या नजरेने बघितलं तर तेच काम दोनदा. एका पतसंस्थेतही मी हेच बघितलंय, नाव नको. पिग्मी एजंटकडे मशीन आहे, पावती तिथल्या तिथे निघते, ऑफिसात कॉम्प्युटरवर सगळं पोस्ट होतं, आणि तरी क्लार्कबाई रोज संध्याकाळी वहीत हाताने किर्द लिहितात. मी विचारलं का, तर म्हणाल्या, सर, लाईट गेली आणि कोणी बाकी विचारायला आला तर मी काय सांगू? ही वही म्हणजे 'बदलाला विरोध' नाही, बॅकअप आहे. पुस्तकी मॉडेलमध्ये ती कुठल्या चौकोनात बसते ते तू ठरव, मी सोयी-मदतीच्या चौकोनात टाकेन, उलट चिन्ह लावून.

आणि जिथे उघड विरोध आहे तिथेही तो सोपं-अवघडवरून नसतो. २०१८ मध्ये गोवा माइल्स हे टॅक्सी बुक करायचं ॲप आलं, टॅक्सीवाल्यांनी केवढा विरोध केला ते आपण सगळ्यांनी बघितलं. आता हे लोक काय मोबाईलला घाबरतात? गूगल पे घेतात, व्हॉट्सॲपवर भाडी एकमेकांना पास करतात, गूगल मॅप लावतात. त्यांचा प्रश्न भाडं कोण ठरवणार, स्टँडवरचा नंबर कोणाचा, धंदा कोणाच्या ताब्यात, हा होता. त्यात कोण बरोबर कोण चूक ते इथे नको (नाहीतर दोनशे कमेंट त्याच्यावरच पडतील), पण 'वापरायला सोपं वाटतं का' विचारून यातलं काही हाती लागलं असतं का? संस्थांचा अभ्यास असेल तर टोरनात्झकी आणि फ्लायशर यांची १९९० ची टीओई चौकट निदान तंत्रज्ञान आणि संस्था यांच्याबरोबर बाहेरची परिस्थिती धरते. आणि वांडा ऑर्लिकोव्स्कीचा १९९२ चा लोटस नोट्सवरचा पेपर तर वाचच. सल्लागार कंपनीत माहिती एकमेकांत वाटायचं सॉफ्टवेअर आणून बसवलं, पण तिथे बढती मिळते दुसऱ्याच्या पुढे जाऊन, आणि प्रत्येक तासाचं बिल क्लायंटला लागतं, मग शिकायला वेळ कोण घालवेल आणि आपलं ज्ञान फुकट कोण वाटेल. एकच कंपनी, मुलाखती आणि निरीक्षण, ३८४ वगैरे काही नाही, आणि तीस वर्षांनी अजून लोक वाचतात.

३८४ वरून आठवलं. तो आकडा क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलातला. तो रँडम सॅम्पलसाठी आहे, ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के चूक धरून. तू मैत्रिणींच्या ग्रुपवर लिंक फिरवणार असशील तर ३८४ भर नाहीतर ३८४०, रँडम होत नाही. आणि लिंकने कोण सुटतं ते बघ, ज्याच्याकडे रेंज नाही तोच सुटतो. २०२० मध्ये सत्तरी, सांगे, काणकोण इकडची मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून लेक्चरला बसायची, पावसात छत्री धरून. ऑनलाईन शिक्षणाचा ऑनलाईन सर्व्हे केला की नेमकी ही मुलं वगळली जातात आणि निष्कर्ष निघतो की सगळं छान चाललंय.

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं सांगतो. दोनच कॉलेजं घेतली असती, एक पणजी-मडगावकडचं, एक आतल्या तालुक्यातलं. पहिल्या सेमिस्टरला छोटा प्रश्नसंच, मराठी-कोंकणीतून आधी पाचसहा पोरांना तोंडी विचारून बघितलेला, तोच परत सेमिस्टरच्या शेवटी. गाईडना मॉडेल पाहिजेच असेल तर भट्टाचार्जींचं २००१ चं घे, ते पुढे वापरत राहण्याबद्दल आहे, सुरुवातीच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या का यावर उभं आहे, तुझ्या विषयाला टॅमपेक्षा जास्त लागू पडतं. जोडीला लॉग. आणि त्यावर पंधरा-वीस मुलाखती, त्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक, लॅब असिस्टंट आणि तो झेरॉक्सवाला. मुलाखतीत 'आवडतं का' विचारू नकोस, 'काल शेवटची असाइनमेंट टाकलीस ती कशी टाकलीस, कोणाच्या मोबाईलवरून, अडलं तर कोणाला फोन केलास' असं विचार. उत्तरं आपोआप निघतील.

गाईडशी भांडू नकोस. त्यांना आकडे हवेत, आकडे दे, फक्त वापराची बाजू लॉगमधून येईल आणि मुलाखतींचा एक चॅप्टर जास्त असेल एवढंच सांग, कोणी नाही म्हणणार नाही. प्रिन्सिपलना लॉगसाठी पत्र आजच दे, नावं आणि रोल नंबर काढून कोड घालून द्या असं त्यातच लिही, एथिक्स कमिटीलाही तेच दाखवता येईल. उशीर करू नकोस, कारण बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर संपलं की मूडलवरचे जुने कोर्स जागा करायला उडवतात आणि त्यांच्याबरोबर लॉगही जातो. सिस्टम बघणाऱ्या माणसाला आधी भेटून ठेव, पत्र वरून खाली यायला महिना लागतो.