पोरगी पीएचडी करायलीय, पण पुढं काय?

"मॅडम, पोरगी दोन वर्षं झाली नुसते थेंब मोजायलीय, हिचं पुढं काय?" लातूरकडचे एक शेतकरी काका दिवाळीनंतर लेकीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले, बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, पण हा प्रश्न इतक्या घरांतून येतो की लिहावंच वाटलं.

मुलगी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी, जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) निघालेली, वय 27, स्थळं सारखी यायलीत, आणि तिचा एन्झाइमचा (शरीरातल्या क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनचा) प्रयोग सहा महिने जमेना. एकटी बोलली तेव्हा रडली, "रोज रीडिंग वेगळंच येतं मॅडम, मला हे जमणारच नाही वाटतं."

मी तिला म्हटलं, तू काय करतेस ते अण्णांना मराठीत सांग. आधी अडखळली, मग म्हणाली, अण्णा, तुरीच्या दाण्यात एक प्रोटीन असतं, ते अळीच्या पोटातलं पचन अडवतं. काका सरसावून बसले, "घाटेअळीचं का? मग तरी ती तूर खातीच की!" "तेच तर बघायलेय अण्णा, अळी त्याला कशी पुरून उरते." पुढची दहा मिनिटं बापलेकच बोलत होते, मी मधे पडलेच नाही.

मग पैशाचं बोललो. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर एसआरएफचे (त्याच शिष्यवृत्तीचा पुढचा टप्पा) 42,000, वर घरभाडं, म्हणजे ती तुमच्या खिशातून शिकत नाहीये काका. लग्नासाठी सोडायचीही गरज नाही, पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, मुलींना आणखी दोन मिळू शकतात आणि बाळंतपणाची 240 दिवसांची रजा वेगळी. पण कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात, तासिका तत्त्वावर लोकांची वर्षानुवर्षं जातात, हेही मी लपवलं नाही.

तेव्हा काका हळूच म्हणाले, एका संस्थेत प्राध्यापकाची जागा निघायलीय, पण त्यासाठी पैसे भरायला दोन एकर विकावं लागंल. मी स्पष्ट सांगितलं, एक गुंठासुद्धा विकू नका. हातात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आहे, चांगला शोधनिबंध छापून आला तर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) आहे, औषध कंपन्यांच्या लॅब आहेत, प्राध्यापकी हा त्यातला एक रस्ता, एकुलता एक नाही. ह्या बाबतीत मी कुणालाच मधलं उत्तर देत नाही.

मुलीला एवढंच सांगितलं की एकटी झुरू नको, लॅबमधल्या सीनियरला शेजारी बसवून एकदा पूर्ण प्रयोग कर. तेव्हा कळलं, ती एन्झाइमची एकच ट्यूब रोज वितळवून परत गोठवत होती, त्यात एन्झाइमचा जोर जायचा, आता छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवते आणि रोज एकच काढते.

संक्रांतीला तिचा फोन आला, रीडिंग जुळायलेत म्हणाली, आणि अण्णांनी दोन शेतातल्या तुरीच्या शेंगा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून पाठवल्यात, एकीवर अळी कमी पडती म्हणे, तपासून बघ.