सकाळचे पहिले सर्च 30 सेकंद लटकतात? प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट बनवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या जुन्या प्रोजेक्टची सकाळ जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. रात्रभर ॲप शांत, सकाळचे पहिले काही सर्च 30 सेकंद लटकून टाइमआउट, मग दिवसभर सुरळीत, आणि इलास्टिकसर्चच्या (सर्च चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये अक्षर नाही. तुमचे सहकारी म्हणतात की प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट (ॲपमधला इलास्टिकसर्चशी बोलणारा भाग) बनवू. कृपा करून ते करू नका.

लॉग कोरा आहे, कारण ती रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मधे फायरवॉल आहे असं तुम्हीच लिहिलंय. बराच वेळ काही हालचाल नसलेलं कनेक्शन फायरवॉल आपल्या टेबलातून काढून टाकते आणि दोन्ही टोकांना काही कळवत नाही. तुमच्या पूलला (क्लायंट पुन्हा वापरायला उघडी ठेवतो त्या कनेक्शनच्या साठ्याला) ते जिवंतच वाटतं. सकाळी त्यावर रिक्वेस्ट जाते, उत्तर येत नाही, जावा क्लायंटचा 30 सेकंदांचा डिफॉल्ट सॉकेट टाइमआउट संपतो. पूलमध्ये एका होस्टसाठी डिफॉल्ट 10 कनेक्शन असतात, म्हणून आमच्याकडे रोज साधारण दहा जण अडकायचे आणि त्यानंतरचा नवं कनेक्शन मिळून सुटायचा. तुमचे किती अडकतात ते मोजा.

आमचे तीन आठवडे गेले ते नेटवर्क सांभाळणाऱ्या विभागामुळे. फायरवॉलचा आयडल टाइमआउट किती आहे, म्हणजे शांत कनेक्शन ती किती वेळाने काढून टाकते, एवढा एकच प्रश्न होता. दर वेळी ते कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) इलास्टिकसर्चचा 9200 पोर्ट तपासायचे, "आमच्याकडून सगळं ठीक आहे" लिहायचे आणि तिकीट बंद करायचे. अहो, कर्ल दर वेळी नवं कनेक्शन उघडतं, त्यात हा दोष दिसणारच नाही! हे मी चार वेळा लिहून दिलं, कोणी वाचलं नाही. आजही आठवलं की संताप होतो. शेवटी ॲपच्या मशीनवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावून तेच पॅकेट पुन्हापुन्हा जातंय आणि उत्तर येत नाहीये हे दाखवलं, तेव्हा कुठे आकडा मिळाला. तुम्ही सुरुवातच टीसीपीडंपने करा.

त्या तीन आठवड्यांत कंटाळून मी तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेलाच उपाय केला होता. सकाळचा त्रास थांबला. पण प्रत्येक क्लायंट स्वतःचे थ्रेड सुरू करतो, आणि एक्सेप्शन आल्यावर एका ठिकाणी क्लोज करायचं राहून गेलं होतं. ऐन गर्दीच्या दिवशी "टू मेनी ओपन फाइल्स" (उघडी कनेक्शनही यात मोजली जातात) येऊन अख्खं ॲप पडलं, फक्त सर्च नाही. ती चूक पूर्णपणे माझी. आणि नीट क्लोज केलं तरी लिनक्सवर बंद झालेलं कनेक्शन 60 सेकंद टाइम-वेटमध्ये राहतं, म्हणजे त्याचा लोकल पोर्ट तेवढा वेळ अडकतो. एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे जायला डिफॉल्ट 28 हजारांच्या आसपासच लोकल पोर्ट असतात, भार वाढला की तेही संपतात.

माझ्या मते क्लायंट एकच ठेवावा, ॲप सुरू होताना बनवलेला. त्यात सॉकेटचं कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर अधूनमधून छोटं पॅकेट पाठवणं) चालू करा आणि कर्नलमधला कीपअलाइव्हचा वेळ 7200 सेकंदांवरून फायरवॉलच्या मर्यादेखाली आणा. आम्ही 300 ठेवला. दोन्ही लागतात. मी आधी फक्त कर्नलचा आकडा बदलला होता आणि काहीच फरक पडला नाही. कंटेनरमध्ये असाल तर तो आकडा कंटेनरच्या आत वेगळा बघावा लागतो.

आमचा क्लायंट जुना लो-लेव्हल जावा क्लायंट होता. तुमची आवृत्ती वेगळी असेल तर डिफॉल्ट आकडे तपासूनच घ्या, माझ्या शब्दावर प्रॉडक्शनला हात लावू नका.

रीट्रायबद्दलही विचारलंत म्हणून: सर्च एकदा रीट्राय करायला (पुन्हा पाठवायला) हरकत नाही. इंडेक्सिंग (डॉक्युमेंट साठवणं) मात्र स्वतःचा आयडी दिल्याशिवाय रीट्राय करू नका, एकच डॉक्युमेंट दोनदा पडेल. आणि इलास्टिकसर्चच्या नोड्स स्टॅट्स या आकडेवारीतल्या एचटीटीपी भागात "टोटल ओपन्ड" (एकूण उघडलेली कनेक्शन) हा आकडा दिवसभरात किती वाढतो ते इथे टाका. झपाट्याने वाढत असेल तर कोडमध्ये कुठेतरी आधीच नवे क्लायंट बनतायत.