रिपोर्ट नॉर्मल आला, मग लेकरू असं का वागतं?

वर्तनाच्या विकारांत आनुवंशिकतेचा वाटा किती, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना मेडिकल जेनेटिक्सच्या तज्ज्ञांनी दिलेली उत्तरे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. एका जागी बसत नाही, हात फडफडवतो, नजरेला नजर देत नाही, दोन शब्दांच्या पुढं बोलत नाही. उसाच्या बिलातून पैसे काढून एक्झोम टेस्ट केली, ती नॉर्मल आली. सासरचे म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझ्या वडिलांचे हात साठीनंतर थरथरतात, चालताना तोल जातो. मोठ्या बहिणीची पाळी ३७व्या वर्षीच गेली. ह्याचा काही संबंध असंल का?
— एक आई, माजलगाव

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेल्या त्या दोन ओळी रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात.

शंका आहे ती फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजाराची. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर-१ या जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ४४ वेळांपर्यंत आली तर नॉर्मल. ५५ ते २०० म्हणजे वाहक. २००च्या वर गेली की जनुक बंद पडतं आणि मुलग्यात बोलणं, शिकणं, वागणं तिन्ही अडतं. जनुकांची अक्षरं वाचणारी नेहमीची एक्झोम टेस्ट चुकलेलं अक्षर पकडते, ही पुनरावृत्ती मोजत नाही. म्हणून तुमचा रिपोर्ट खोटा नाही. तो या प्रश्नाचा नव्हताच. साध्या कॅरिओटाइपमध्येही, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीतही, हे सहसा दिसत नाही.

आता वडिलांकडे या. वाहक पुरुषाला पन्नाशीनंतर हातांचा कंप आणि चालताना झोक जाणं सुरू होऊ शकतं. पुष्कळदा ‘वय झालं’ किंवा पार्किन्सन म्हणून ते सोडून दिलं जातं. वाहक बायकांपैकी साधारण पाचात एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते. वडील वाहक असतील तर त्यांचा एकुलता एक्स सगळ्या मुलींना गेला, म्हणजे तुम्ही सगळ्या बहिणी वाहक. तुमच्या भावांना तो मिळालेला नाही. बापाकडून लेकीकडे येताना हा आकडा फारसा वाढत नाही. आईकडून लेकराकडे जाताना मात्र उडी मारतो. तपासणी आधी मुलाची करा, तिच्यात सापडलं तर तुमची, मग बहिणींची.

चिठ्ठीवर ‘एफएमआर-१ सीजीजी रिपीट, ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआर’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘जेनेटिक टेस्ट’ लिहिलं तर लॅब पुन्हा भलतंच पॅनेल लावते. दोन ते तीन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यायचं आणि ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, नाहीतर गाठ पडून नमुना वाया जातो. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात कुरिअरला देताना थंड पॅक हवाच. सोबत कॅरिओटाइपही सांगितला असेल तर त्याला हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब लागते, कारण तिथे पेशी जिवंत पोचाव्या लागतात. ती ट्यूब बर्फात ठेवायची नाही, पण एक-दोन दिवसांत पोचायला हवी.

निदान झालं म्हणून जनुक दुरुस्त करणारं औषध मिळणार नाही. पण कामाची दिशा बदलते. या मुलांचे कान वारंवार फुटतात, म्हणून आधी ऐकण्याची तपासणी. झटके येत असतील तर ईईजी. चंचलपणावर औषध देता येतं, पण ते बालमनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीत. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या लवकर निदान-उपचार केंद्रात) विचारा. तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची सोय असते. ऊसतोडीला किंवा गावी जाऊन चार-पाच महिन्यांचा खंड पडला की शिकवलेलं बरंचसं मागे जातं, तेव्हा जाण्याआधी घरी करायचे व्यायाम लिहून घ्या.

तुम्ही वाहक ठरलात तर पुढच्या दर गरोदरपणात हा एक्स बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. नोंदणीकृत केंद्रात अशा तपासणीला कायद्याची परवानगी आहे, लिंग मात्र सांगितलं जात नाही. समुपदेशनाला नवऱ्याला सोबत न्याच. ‘आईकडून आलं’ एवढंच वाक्य घरी पोचलं तर त्याचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. हैदराबादच्या निम्स (निझाम्स इन्स्टिट्यूट) रुग्णालयात मेडिकल जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या मुलीशी माझ्या मुलाची सोयरीक करायचं चाललंय. मुलगी चांगली शिकलेली आहे. रक्त तपासून पुढचं कळतं का?
— परभणी

उत्तर : रक्त तपासून कळत नाही. कुणी तसा पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नका. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा जीनोममध्ये (माणसाच्या सगळ्या जनुकीय मजकुरात) सापडल्या, आणि एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. अपवाद एक : भावाच्या टाळूला जन्मापासून फट, हृदयाचा जन्मजात दोष किंवा कॅल्शियम कमी असण्याचा इतिहास असेल तर २२क्यू११ डिलीशनची (२२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असण्याची) तपासणी आधी भावाची करावी.

साधारण लोकांत हा आजार शंभरात एकाला होतो, आईवडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे मुलगी निरोगी राहण्याचीच शक्यता खूप मोठी. आमची हरकत मुलीला नाही, नात्याला आहे. ती बाहेरच्या घरात दिली तर वडिलांकडचा धोका एकाच बाजूने येतो. तुमच्याकडे दिली तर तोच आजार मुलाच्या मामाकडूनही येतो. वर मामाची मुलगी म्हटल्यावर आठवा हिस्सा जनुकं सारखी. एरवी शंभरात दोन-तीन बाळांत दिसणारे जन्मजात दोष अशा लग्नांत साधारण दुप्पट होतात. मुलीला दुसरं स्थळ बघा, आणि तिच्या वडिलांचा आजार त्या घरापासून लपवू नका.

प्रश्न : रागाचं जीन सापडलंय म्हणतात. खरं का?
— लातूर

उत्तर : १९९३ मध्ये हान ब्रुनर यांनी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात एमएओए हे जनुक पूर्ण बंद असलेले पुरुष दाखवले : बुद्धी थोडी कमी, एकाएकी हिंसक होणं, जाळपोळ. तो प्रकार अतिशय दुर्मीळ. बातम्यांत येतं ते निराळं; ते याच जनुकाचं मंद चालणारं रूप असतं आणि पुष्कळ शांत माणसांतही सापडतं. न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या २००२ च्या अभ्यासात या रूपाबरोबर लहानपणी मारझोड झालेली असेल तेव्हाच फरक ठळक दिसला. रागीट माणसाची ही तपासणी करून हाती काही लागत नाही.