अणुऊर्जेच्या बाजूने सामान्य लोकांची चळवळ कुठे उभी राहिली आहे का?

होय, आणि तिचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आहे. पॅसिफिकच्या काठावरील डायब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्पात काम करणाऱ्या हेदर हॉफ आणि क्रिस्टिन झेट्झ या दोघींनी २०१६ मध्ये 'मदर्स फॉर न्यूक्लिअर' ही संघटना स्थापन केली. (गंमत म्हणजे, याच प्रकल्पाला १९७०च्या दशकापासून विरोध करणाऱ्या स्थानिक संघटनेचे नाव 'मदर्स फॉर पीस' आहे.) नोकरीला लागताना हॉफ स्वतः अणुऊर्जेबाबत साशंक होत्या, आणि २०११ मधील जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातील अपघाताने त्यांचा विश्वास पुन्हा डळमळला होता, त्यामुळे भीती वाटणाऱ्यांना त्या अडाणी ठरवत नाहीत, हे मला त्यांच्या प्रचाराचे खरे बळ वाटते.

२०१६ मध्येच प्रकल्पाच्या मालक कंपनीने त्याच्या दोन्ही अणुभट्ट्या २०२४ आणि २०२५ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे २,२०० मेगावॅटचा हा प्रकल्प राज्याची जवळजवळ ९ टक्के वीज पुरवतो. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याने कायदा करून त्याला २०३० पर्यंत चालण्याची वाट मोकळी केली. मात्र या निर्णयाचे सारे श्रेय चळवळीला देता येणार नाही, कारण ऑगस्ट २०२० मधील उष्णतेच्या लाटेत कराव्या लागलेल्या भारनियमनाने सरकार आधीच धास्तावले होते. प्रकल्पातच पगार घेणाऱ्यांनी त्याची बाजू मांडावी का, हा आक्षेपही रास्त आहे. भूकंपप्रवण किनारा आणि आवारातच साठवलेले वापरलेले इंधन हे विरोधकांचे मुद्दे तर आजही कायम आहेत.