व्हीलचेअर आणि इलेक्ट्रिक गाडी: रेंजचं नंतर बघू, आधी दार उघडून बघा

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. दोन वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार लागला, कमरेखाली ताकद आणि संवेदना दोन्ही गेल्या, हात मात्र भक्कम आहेत. कराडहून शाळेला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर, तीन महिन्यांतून एकदा तपासणीला पुणे. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, त्यात हँड कंट्रोल (पेडलं हाताने चालवायची जोडणी) बसतं का, कोणती घ्यावी, आणि रेंज पुरेल का, असं विचारलंत.

मी पोलिओचा. दोन्ही पायांत कॅलिपर, घरात कुबड्या, लांबच्या अंतराला व्हीलचेअर. १९९६ पासून हातानेच गाडी चालवतोय. पहिली मारुती ८००, तिला क्लचसुद्धा हाताने दाबायचा होता. मग एएमटी (म्हणजे क्लच नसलेली) सेलेरिओ, आणि गेली दोन वर्षं टाटाची पंच ईव्ही, ३५ युनिटच्या बॅटरीची. त्यामुळे जे सांगतो ते स्वतःच्या खांद्यांनी शिकलेलं आहे.

घ्या, नक्की घ्या. रेंजचा प्रश्न मात्र तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे, तो सगळ्यात खाली न्या. माझी गाडी मिश्र रस्त्यावर एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या ४० किलोमीटरला सहा युनिट. चार्जिंगमधली गळती धरून साडेसहा-सात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने हे दोन तासांत भरतं. रात्री जेवून लावली की झोपायच्या आधी काम झालं. पुणे एका बाजूने १६० किलोमीटर. कंपनीने माझ्या गाडीसाठी ४२१ किलोमीटरचा आकडा छापला होता, मी अडीचशेच धरतो आणि त्या हिशेबाने कधी अडकलो नाही. पुण्याला पोचल्यावर तपासणी होईपर्यंत चार्जिंग, आणि परत. छोट्या २५ युनिटच्या बॅटरीत मात्र हाच प्रवास जीव मुठीत धरून होईल, म्हणून मोठी घ्या.

आता ज्यावर गाडी ठरवायची ते. शोरूममध्ये गेलात की स्क्रीन, आवाज, सनरूफ दाखवतील. तुम्ही आधी ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडायला सांगा आणि व्हीलचेअर सीटला लावून बघा. पंचची दारं ९० अंशांत उघडतात. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण ७० अंशांवर अडकणाऱ्या दारात खुर्ची तिरकी राहते, सीट आणि खुर्ची यांच्यात वीतभर फट पडते, आणि त्या फटीवरून रोज चार वेळा अंग उचलून न्यायचं असतं. वर्षाला हजारावर वेळा होतं ते. आम्हा पोलिओवाल्यांचे खांदे पन्नाशीनंतर असेच झिजले. तुम्ही तरुण आहात, तुमचे वाचवा.

दुसरं माप सीटच्या उंचीचं. टेप घेऊन जा, लाजू नका. व्हीलचेअरची बसायची उंची गादीसकट साधारण ५० सेंटीमीटर असते. कुबड्यावाल्या माणसाला उंच सीट बरी, कारण तो उभ्याने मागे टेकतो. मला पंच त्यासाठीच आवडली. तुमचं उलट आहे. तुम्हाला बसल्या बसल्या सरकायचं आहे, तेव्हा गाडीची सीट खुर्चीपेक्षा जेवढी उंच तेवढा चढ. टियागो ईव्ही खाली आहे, सरकायला सोपी जाईल, पण बॅटरी जास्तीत जास्त २४ युनिटची आणि डिकी लहान. पंच किंवा नेक्सॉन घेतलीत तर सरकपाटी (खुर्ची आणि सीट यांच्यात टाकून सरकायची फळी) लागेल, पण मोठी बॅटरी मिळेल. कॉमेटला लांब दोन दारं आहेत, मोकळ्या अंगणात ती सुंदर उघडतात, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी असली की अर्धीच उघडतील. आणि पुण्याचा प्रवास तिचा नव्हे. माझं मत विचाराल तर पंच, पण आधी तिच्यात बसून बघा. पहिल्यांदा सोबत कुणी तरी असू द्या. दुसऱ्यांदा एकट्याने चढा-उतरा, आणि खुर्चीही एकट्याने आत घ्या. बाजारातली घडीची खुर्ची १५-२० किलोची, ती अंगावरून पलीकडच्या सीटवर नेणं रोजचं काम होऊ शकत नाही. चाकं खटक्याने निघणारी हलकी खुर्ची घ्या. गाडीचा वरचा प्रकार परवडला नाही तरी चालेल, खुर्चीत कंजुषी नको.

हँड कंट्रोल बसतं. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे काम फक्त दोन पेडलांचं. एक दांडा, दाबला की ब्रेक, ओढला किंवा फिरवला की वेग. पेडलांना क्लॅम्पने जोडलेल्या सळया, बस. किट एआरएआयची (वाहनं तपासणारी संस्था) मान्यता असलेलंच घ्या आणि फिटरला निक्षून सांगा की कुठलीही वायर कापायची नाही. माझ्या आधीच्या गाडीत एका फिटरने सोयीसाठी एक वायर तोडून जोडली, नंतर ब्रेकलाइट कधी लागायचा, कधी नाही, आणि वॉरंटीत कोणी हात लावेना. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वेष्टनाच्या केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या आसपास ड्रिल फिरता कामा नये. डीलरकडून आधी लेखी घ्या की पेडलला यांत्रिक जोडणी केल्याने वॉरंटी जाणार नाही.

दांडा डावीकडे बसवा. आपण उजव्या दारातून आत शिरतो, उजवीकडचा दांडा सरकताना गुडघ्याला आणि कमरेला लागतो. शिवाय टाटाच्या गाड्यांत इंडिकेटरची काडी उजवीकडे आहे. उजवा हात स्टिअरिंगच्या नॉबवर (एका हाताने फिरवायला लावलेली मूठ), बोटाने इंडिकेटर, डावा हात दांड्यावर. वायपर तेवढा अवघड जातो.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगणार नाही कारण सांगणाऱ्याला स्वतःच्या पायांचं भान असतं. तुम्हाला पाय कुठे आहे ते कळत नाही. खड्ड्यात गाडी आदळली किंवा पायाला झटका आला की पाऊल सरकून थेट ॲक्सिलरेटरवर बसू शकतं. पेट्रोल गाडीत आधी इंजिन गुरगुरतं, इथे गाडी त्याच क्षणी झेप घेते. म्हणून पेडलांवर झाकणपट्टी हवीच, जी घरच्या माणसाला चालवायची असली की काढता येते. टाचा अडकवायला पट्टाही लावा. किटवाला म्हणेल गरज नाही. तुमच्या बाबतीत आहे.

तशीच दुसरी. गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. पहिल्याच महिन्यात मी घरासमोर 'रेडी'चा दिवा तसाच ठेवून उतरायला लागलो, गाडी ड्राइव्हमध्येच होती, कोपर दांड्याला लागलं आणि गाडी दोन फूट पुढे गेली. समोर भिंत होती म्हणून थांबलो. तेव्हापासून क्रम ठरलेला: पार्किंग ब्रेक, गाडी बंद, स्क्रीन काळी झालेली डोळ्यांनी बघायची, मग दार. वरच्या प्रकारांत बटणाचा पार्किंग ब्रेक आणि ऑटो होल्ड मिळतो, तो हाताने चालवणाऱ्याने घ्यावाच. सिग्नलला दांडा दाबून धरावा लागत नाही, तेवढी मिनिटं हाताला विश्रांती.

आणि रीजन! यासाठी मी इलेक्ट्रिकवर जीव टाकतो. वेग सोडला की मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते आणि गाडी आपसूक मंदावते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने ते कमी-जास्त करता येतं. शहरात मी वरची पातळी ठेवतो, ब्रेकचा दांडा पूर्वीच्या निम्म्यानेही दाबावा लागत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर पूर्वी मनगट ठणकायचं, आता नाही. फक्त ध्यानात ठेवा की बॅटरी पूर्ण भरलेली असली तर रीजन जवळजवळ लागत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. पाचगणीला रात्री शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरलो, तर सगळा घाट हाताने ब्रेक मारत यावं लागलं. डोंगरावर चार्ज केलीत तर ऐंशी टक्क्यांवर थांबा.

एसीचं तुमच्यासाठी वेगळं महत्त्व आहे. मणक्याच्या दुखापतीनंतर त्या पातळीखाली घाम नीट येत नाही, उन्हात अंग तापत जातं. मोबाइलवरून पाच मिनिटं आधी एसी सुरू करा, थंड गाडीत बसा. कुठे थांबावं लागलं तरी इंजिन चालू ठेवायचा प्रश्न नाही, तासाला साधारण एखादं युनिट जातं. तापलेल्या सीटबेल्टच्या बकलचा चटका मांडीला कळणार नाही, तेव्हा बसण्याआधी हात लावून बघत जा. आणि खुर्चीतली प्रेशरची गादी (दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून असते ती) गाडीत वापरता येते का ते विचारा, लांबच्या प्रवासात दर तासाला थांबून अंग उचलून घ्याच.

चार्जिंग. इथे खरी अडचण आहे आणि ती तुमच्या सोसायटीत सुटली पाहिजे. खांबालगतची अशी जागा मागा की दार पूर्ण उघडेल. राष्ट्रीय इमारत संहितेत अपंगांच्या पार्किंगला ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे, अर्जात हा आकडा लिहा. सॉकेट आणि गन (केबलचं गाडीत लावायचं टोक) अडकवायचा हुक कमरेच्या उंचीवर, केबल भिंतीवर, जमिनीवर नको, कारण खुर्चीची पुढची चाकं तिच्यावर अडतात. अर्थिंग चांगलं करून घ्या, नसलं तर चार्जर चालूच होत नाही. पंचचं चार्जिंगचं तोंड पुढे मधोमध आहे, नेक्सॉनचं मागे डाव्या बाजूला. खुर्चीवरून जाणाऱ्याला पुढचं बरं, गाडी आणि भिंत यांच्या फटीत शिरावं लागत नाही.

रस्त्यावरचे फास्ट चार्जर आपल्यासाठी बनवलेले नाहीत, हे खेदाने सांगतो. बरेचसे चौथऱ्यावर, पुढे लोखंडी खांब, हॉटेलमागच्या खडीत. केबल जाड आणि जड, बसून ढकलताना दंडात कळ येते. मी निघण्याआधी त्या ठिकाणी फोन करतो, "मी व्हीलचेअरवर आहे, गन लावून द्याल का?" असं सरळ विचारतो. नाही म्हणणारा क्वचित भेटला. पण उत्तर नीट मिळालं नाही तर पुढचा चार्जर धरतो, आणि त्यासाठी ३० टक्के शिल्लक असतानाच शोधायला लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. अपघाताआधीचं लायसन्स तसंच वापरू नका, आरटीओत जाऊन अडॅप्टेड व्हेइकलची (अपंगत्वानुसार बदललेल्या गाडीची) नोंद करून घ्या. गाडी नोंदवताना फॉर्म २० मध्ये मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' लिहायला लावा, २०२० पासून ती सोय आहे. डीलर विसरतात. किट बसल्यावर आरटीओची तपासणी आणि आरसीवर नोंद. जीएसटी सवलतीच्या प्रमाणपत्रामागे धावायची गरज नाही, इलेक्ट्रिक गाडीवर सगळ्यांनाच ५ टक्के आहे. विमा कंपनीला किट लेखी कळवा आणि अपंगांसाठी बदललेल्या गाड्यांचं आयएमटी १२ हे कलम मागा, ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात त्याने सूट मिळते. टोलमध्ये गल्लत होते ती अशी: राज्याने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना दिलेली माफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर आहे. तुमचे तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे राष्ट्रीय महामार्गाचे, तिथे ती चालत नाही. तिथे २००८ च्या शुल्क नियमांत अपंगांसाठी खास बनवलेल्या वाहनांना सूट आहे, म्हणून आरसीवरची नोंद हवी, आणि त्या आधारावर सूटवाला फास्टॅग वेगळा मागावा लागतो.

पंक्चरचं विचारलं नाहीत, पण विचाराल. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते. आपण चाक बदलू शकत नाही, म्हणून मला त्याचं दुःख नाही. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप मात्र डिकीत न ठेवता हाताशी, शेजारच्या सीटखाली ठेवा. गाडी बंद पडली तर उचलून नेणारा फ्लॅटबेड मागवा, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका.

पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला मी कराडला येतोय, दोन दिवस आहे. माझी गाडी तुमच्या सोसायटीत आणतो. खुर्ची लावून सरकून बघा, दांडा हातात घेऊन बघा, मापं घ्या. बुकिंग तोवर थांबवा.