काकांचा आक्षेप आणि एक सेंटिमीटर

चाकूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वय १९. तालुक्यातल्या बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) प्रशिक्षण केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज पहाटे पळते आणि "जाईन तर बीएसएफमध्येच" म्हणते. तिच्या काकांचं म्हणणं असं, की लष्करात नंबर लागला नाही की माणूस तिथं जातो. ते धड मिलिटरीही नाही आणि धड पोलीसही नाही. मुलीची उंची १५६ सेंटिमीटर आहे, घर मराठा समाजातलं आहे. वडिलांना विचारायचंय, मुलीला पुढं जाऊ द्यावं की थांबवावं?

नमस्कार,

पत्र मिळालं. काकांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या घरात खरा अडसर त्यांचाच दिसतोय. "धड हे नाही, धड ते नाही" हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त तो दोष नाही. हे दल मुद्दाम तसंच उभं केलंय.

१९६५ पर्यंत पाकिस्तानची सीमा ज्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी सैन्य चालून आलं. तिथं सीआरपीएफच्या, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या, मोजक्या तुकड्या होत्या. त्या शर्थीने लढल्या, पण एक गोष्ट दिल्लीला कळून चुकली: तुकड्यातुकड्यांनी राखलेल्या सीमेवर उद्या सैन्य आलं तर निभाव लागणार नाही. आणि शांततेच्या काळात सगळी सीमा लष्कराच्या गळ्यात घालणंही परवडणारं नव्हतं. म्हणून १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल स्थापन झालं. एरवी घुसखोरी आणि तस्करी रोखायची, लोकांना धीर द्यायचा. युद्ध झालं तर लष्कराच्या खांद्याला खांदा लावायचा. मालक गृहमंत्रालय, पण शिस्तीचा कायदा स्वतःचा, १९६८ चा, आणि त्यात दलाची स्वतःची न्यायालयंसुद्धा.

काकांना आणखी एक सांगा. हे दल ज्यांनी उभारलं ते पहिले महासंचालक के. एफ. रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. ते पोलीस अधिकारी होते, लष्करी नव्हे. पुढं त्यांना पद्मविभूषण मिळालं. लष्करात नंबर न लागलेल्यांची सोय म्हणून कुणी असा माणूस नेमत नाही.

आता मुलीचं. महिला कॉन्स्टेबलची पहिली तुकडी २००९ मध्ये पंजाबच्या सीमेवर गेली, आणि कारण अगदी व्यवहारी होतं. तिथं काटेरी तारेचं कुंपण सीमारेषेच्या अलीकडे आहे, त्यामुळे कित्येकांची शेतं कुंपणापलीकडे राहिली. शेतकऱ्यांना ठरलेल्या वेळी गेट उघडून आत सोडतात, ओळखपत्र बघतात, झडती घेतात. शेतमजूर बायकांची झडती कोण घेणार? माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या ड्यूटीवर होती. ती सांगायची, "सर, डब्याचं झाकणसुद्धा उघडून बघावं लागतं. आणि त्या बायका रोज विचारतात, जेवलीस का?" मला तरी बीएसएफचं काम याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. दुसरी बाजूही आहेच. मे २०२५ मध्ये जम्मूच्या सीमेवर गोळीबार चालू असताना सहायक कमांडंट (दलातलं सुरुवातीचं अधिकारीपद) नेहा भंडारी यांनी आपली चौकी सांभाळली.

पण रात्रीच्या नाक्यावर थंडीत आणि धुक्यात कुंपणाकडे टक लावून बसणं हेच बहुतेक दिवसांचं काम आहे, हे तिला आधी कळू द्या. बदल्या होतात. दिवाळीला रजा मिळेलच असं नाही. कॉन्स्टेबलची बढती फार सावकाश होते. आणि २००४ नंतर भरती झालेल्यांना लष्करासारखी जुनी पेन्शन नाही. मैदानावर शिट्टी फुंकणारे अकॅडमीवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांची फी भरती होण्यापुरतीच असते.

वाटा दोन आहेत. पहिली, कर्मचारी निवड आयोगाची जीडी (जनरल ड्यूटी) कॉन्स्टेबल भरती. दहावी पास चालतं, वय १८ ते २३, पगाराची सुरुवात २१,७०० मूळ वेतनाने. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतही देता येते, तरी आपली कितीतरी पोरं सवयीने हिंदी भरून मोकळी होतात! महिलांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत पळायचं असतं. उंची १५७ लागते, पण मराठा उमेदवारांना १५५ ची सवलत आहे; त्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला आत्ताच काढून ठेवा. फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम विचारतात, तो सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका. सीआयएसएफ म्हणजे विमानतळ आणि कारखाने, आयटीबीपी म्हणजे चीनच्या सीमेवरचा बर्फ, एसएसबी म्हणजे नेपाळ आणि भूतान. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमा बीएसएफकडे.

दुसरी वाट यूपीएससीची, सहायक कमांडंटसाठी. पदवी हवी, वय २० ते २५, मूळ वेतन ५६,१०० पासून. निबंधाचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत, मग शारीरिक चाचणी आणि मुलाखत. माझं स्पष्ट मत, पदवी अर्धवट सोडून कॉन्स्टेबल होण्याची घाई नको. पदवी पुरी करताना जीडीचा फॉर्म भरावा, पण डोळा या दुसऱ्या परीक्षेवर ठेवावा. अडचण एवढीच की इथं महिलांची उंची १५७ मागतात.

म्हणजे प्रश्न एका सेंटिमीटरचा आहे. तुम्ही १५६ कशावर मोजलंत? दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून असेल, तर ते मोजमाप सोडून द्या. सकाळी उठल्या उठल्या, अनवाणी, सरकारी दवाखान्यातल्या उंचीमापकावर मोजून घ्या. दिवसभरात पाठीचा कणा थोडा दबतो आणि संध्याकाळी माणूस किंचित बुटका भरतो. आकडा आला की मला कळवा. १५७ भरली, तर यूपीएससीच्या निबंधाची तयारी कशी करायची ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.